सिंदी मेघेचं स्थळ

मोठ्या आंजीच्या बंडूजीनं जन्मात एकच गोष्ट बायकोपासून लपवली, आणि महिनाभरात ती सगळ्या सोयऱ्यांना ठाऊक झाली. म्हणजे त्यांना ठाऊक झाली ती भलतीच गोष्ट होती. पण सोयऱ्यांचं काय, त्यांना काहीतरी ठाऊक असलं की पुरे. ते खरं असलंच पाहिजे असा त्यांचा कधी हट्ट नसतो.

बंडूजीचं आंजीत भांड्यांचं दुकान आहे. आसपासच्या खेड्यांत लग्न निघालं की आंदणाची भांडी घ्यायला माणसं त्याच्याच दुकानाची पायरी चढतात. भांड्यावर नाव टाकायचं काम बंडूजी स्वतः करतो. हातातलं बारकं यंत्र गुरगुरत स्टीलवरून फिरतं आणि परातीच्या काठावर 'मामा-मामीकडून सप्रेम भेट' उमटतं. अक्षर असं सुबक की माणसं परात राहू देतात आणि नावच बघत बसतात. पण गेल्या पावसाळ्यापासून त्या अक्षराला कंप सुटला होता. एका नवरीच्या मामानं तर विचारलं की हे चालत्या गाडीत बसून लिहिलं का. बंडूजी हसला. हसणं हा त्याचा जुना धंदा होता, भांड्यांच्याही आधीचा.

खरी गोष्ट अशी होती की बंडूजीला भीती वाटत होती. भुताची नाही, वाघाची नाही, उधारीवाल्याचीही नाही. दुपारी दुकानात एकटा बसला की एकाएकी छाती धडधडायला लागे, हातपाय गार पडत, घशाला कोरड पडे आणि मनात एकच येई, की गेलो आता. थोरला भाऊ असाच गेला होता, याच दुकानात, याच गादीवर, हातात चहाचा कप असताना. त्या दिवशी सगळं घर रडलं, गल्ली रडली, शेजारचा किराणावाला रडला. बंडूजीला मात्र सवड झाली नाही. लाकडं कोण आणणार, पाहुण्यांची सोय कोण करणार, तेरवीचं कोण पाहणार? जो तो येऊन पाठीवर हात ठेवे आणि सांगे, आता घरचा मोठा तूच. माणसं आपापल्या घरी गेली, पण पाठीवरचे हात काही उतरले नाहीत.

वर्ध्याला जाऊन त्यानं गुपचूप हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सगळ्या चोख निघाल्या. त्यानं दुसरीकडे परत केल्या, त्याही चोख. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरनं सांगितलं की बाबा, तुझं काळीज ठणठणीत आहे, मन दमलं आहे, आणि त्याच्यासाठी इथं लागूनच सिंदी मेघेला धीरज म्हणून एक मुलगा बसतो त्याच्याकडे जा. तो गोळ्या देत नाही, बोलतो आणि बोलू देतो.

हे ऐकून बंडूजीची धडधड उलट वाढली. कारण घरी लग्नाची मुलगी होती. सपना शिकून पुण्याला नोकरीला लागली होती आणि तिच्यासाठी दिवाळीपासून स्थळं बघणं चालू होतं. बाप मनाच्या डॉक्टरकडे जातो हे फुटलं तर लोक म्हणणार, बापाचं डोकं फिरलंय, पोरीचं कधी फिरेल काय भरवसा. कौशल्याबाईला सांगावं तर ती रडून घर डोक्यावर घेणार. तेव्हा बंडूजीनं ठरवलं की जायचं, पण कुणाला कळू द्यायचं नाही. दर गुरुवारी दुकान बंद असतंच. माल बघायला वर्ध्याला जातो म्हणायचं की काम झालं.

धीरज सिंदी मेघेच्या एका गल्लीत राहायचा. पुढच्या खोलीत तो माणसांना भेटे. दारावर पाटी नव्हती. आधी होती. 'समुपदेशक' असं ठळक लिहिलेलं होतं, आणि पाटी होती तोवर एकाही पुरुषानं फाटक ओलांडलं नाही. मोटरसायकलवरून यायचे, पाटी वाचायचे, गल्लीला दोन फेऱ्या मारायचे आणि जसे आले तसे परत जायचे. धीरजनं पाटी काढून माळ्यावर टाकली आणि दुसऱ्याच आठवड्यापासून माणसं यायला लागली.

पहिल्या भेटीत बंडूजीनं स्टीलच्या डब्यांवर तासभर व्याख्यान दिलं. प्लॅस्टिकनं धंद्याची कशी वाट लावली, हलका पत्रा कसा ओळखावा, सगळं सांगितलं. धीरजनं ते अगदी मन लावून ऐकलं. दुसऱ्या भेटीत डब्यांवरून गाडी दुकानावर आली, दुकानावरून गादीवर आणि गादीवरून चहाच्या कपावर. तिथं बंडूजी थांबला. धीरज म्हणाला, "दादा गेले तेव्हा तुम्ही सगळ्यांना रडू दिलं. तुमची पाळी राहून गेली."

बंडूजीला पाळी मिळाली. तो असा रडला की स्वतःचा रुमाल भिजला, मग टीपॉयवरचं विणलेलं कापडही भिजलं. धीरजनं त्याला समजावून सांगितलं की ही धडधड खरीच आहे, सोंग नाही, पण ती मरणाची नाही. धोका नसताना वाजणारी ती शरीराची घंटा आहे, आणि ती वाजते तेव्हा पळत सुटण्यापेक्षा बसून राहिलं तर आपोआप थांबते. मग त्यानं एक काम सांगितलं. घरात एका तरी माणसाला हे सांगायचं. फार नाही, मले भेव लागते एवढंच.

बाहेर आल्यावर बंडूजीला वाटलं आपण हवेत चालतो आहोत. त्यानं चौकात दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले, वाटेत अनोळखी माणसाला लिफ्ट दिली आणि तो माणूस उतरून गेल्यावरही गुणगुणत राहिला. आंजीत शिरताना त्याला उगीच हसू येत होतं. असं विनाकारण हसू त्याला कित्येक महिन्यांत आलं नव्हतं.

पण त्या दिवशी आत जातानाचा त्याचा सगळा थाट ताराचंदनं पाहिला होता.

ताराचंद हा कौशल्याबाईचा धाकटा भाऊ. वर्ध्यात त्याचं पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे, पण जीव सोयरिकी जुळवण्यात. कुणाची पत्रिका पोचवायला तो सिंदी मेघेतून चालला होता, तर त्याला भाऊजी दिसले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात संत्र्यांची पिशवी. मोटरसायकलच्या आरशात बघून भाऊजींनी केस सारखे केले, इकडेतिकडे चोरटी नजर टाकली, फाटकाशी चपला काढल्या आणि एका तरुण मुलानं दार उघडून त्यांना अदबीनं आत घेतलं. आता आपल्याकडे लग्नाच्या मुलीचा बाप हे सगळं कशासाठी करतो ते शेंबडं पोरही सांगेल. आणि घरी त्यानं सांगितलं नाही हा तर पक्का पुरावा. स्थळ ठरेपर्यंत बाप ब्र काढत नाही, कारण कुणी काडी घालतो आणि झालेलं मोडतं. ताराचंदचा ऊर भरून आला. भाऊजी इतके बेरकी असतील असं त्याला वाटलं नव्हतं.

रीतीप्रमाणे त्यानं कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर चौकशी केली. ठेला नवाच लागलेला होता, तरी ठेलेवाल्याला सगळी माहिती होती, ठेलेवाल्यांना असतेच. त्यानं सांगितलं की पोरगा सज्जन, सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही, आवाज कधी चढत नाही, घरी एकटाच राहतो. मग पान बांधता बांधता म्हणाला, "पण भाऊ, लय माणसं येऊन राह्यले त्याच्याकडं. कोणी आर्वीचा, कोणी हिंगणघाटचा. सगळे बाप्येच. चांगले कपडे घालून येते, तासभर बसते अन् तोंड पुसत जाते."

ताराचंदच्या हातातलं पान हातातच राहिलं. एवढ्या मुलींचे बाप! तोंड पुसत जातात म्हणजे आत नाश्तापाणीसुद्धा होतं. त्यानं सरळ आंजी गाठली आणि बहिणीच्या कानात सगळं ओतलं. वर बजावलं की भाऊजींना कळू देऊ नको की आपल्याला कळलंय. कौशल्याबाईनं कुणालाच सांगितलं नाही. फक्त जावेला, दोन्ही नणंदांना आणि पुण्याला फोन करून सपनाला. सपना म्हणाली की आधी फोटो पाठव. ताराचंदनं गल्लीच्या टोकावरून फोटो काढून पाठवला. त्यात एक मोटरसायकल, एक शेळी आणि अर्धं फाटक दिसत होतं.

इकडे बंडूजीला काही उमगेना. गुरुवारी तो म्हणाला की माल बघायला जातो, तर बायकोनं स्वतः शर्टाला इस्त्री करून दिली आणि निघताना हातावर दही-साखर ठेवली. दुकानात कुणी त्याला टोकेना. तो गप्प बसला की लोक आदरानं गप्प बसत. मुलीचा बाप आहे, जीव तुटत असेल, असं आपसांत म्हणत. इतकं प्रेम त्याला थोरल्या भावाच्या तेरवीतही मिळालं नव्हतं.

एके दिवशी जेवताना त्यानं हिय्या केला. धीरजनं सांगितलेलं वाक्य त्यानं मोटरसायकलवर इतक्या वेळा घोकलं होतं की ते तोंडातून आपोआप बाहेर आलं. "सपनाची माय, मले भेव लागते."

कौशल्याबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "लागनच. पोट्टीच्या बापाले भेव नाई लागन तं कोनाले लागन? भात घ्या अजून." आणि तिनं ढीगभर भात वाढला.

बंडूजीनं ताट बाजूला सारलं. मग सावरून म्हणाला की नाही, ऐक, मी सिंदी मेघेला जातो ना. तर तिनं पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. काही बोलू नका म्हणाली, मला काही माहीत करून घ्यायचं नाही, आधी पक्कं होऊ द्या. पुढच्या आठवड्यात त्यानं परत दोनदा सांगून पाहिलं की छातीत धडधडतं, रात्री झोप येत नाही, एकटं वाटतं. प्रत्येक वेळी तिनं डोळे पुसले आणि प्रत्येक वेळी काहीतरी वाढलं. खरं बोलायचं धाडस बंडूजीनं एकूण तीनदा केलं आणि त्यात त्याचं वजन तेवढं वाढलं.

शेवटी ताराचंदलाच खोपच्यात घेऊन त्यानं भानगड काढून घेतली. सगळं ऐकून तो दुकानात जाऊन एकटाच पोट धरून हसला. मग हसता हसता त्याला दुसरंच सुचलं. हे तर आयतं पांघरूण मिळालं! कुणी विचारत नाही, कुणी टोकत नाही, इस्त्री फुकटात. त्यानं गंमत म्हणून ते धीरजला सांगितलं. धीरजही खो-खो हसला, डोळे पुसले आणि मग शांतपणे विचारलं की हे पांघरूण तुम्ही किती दिवस घेणार. बंडूजीनं सांगितलं, बघू. त्या रात्री त्याला परत झोप आली नाही. एवढा मोठा गोतावळा आपल्यावर माया करतो आहे, पण ज्याच्यावर करतो आहे तो आपण नाहीच, हे त्याला बोचत राहिलं.

तोवर तानाबाई आत्या आली. बंडूजीची ही आत्या म्हणजे घराण्याचं वरचं कोर्ट. तिच्या पसंतीशिवाय घरात एकही लग्न झालेलं नाही. एक-दोन झाली ती तिनं अजून धरलेली नाहीत. ताराचंदनं सगळा अहवाल दिल्यावर तिनं निकाल दिला की बंडू पहिल्यापासून भिडस्त, हा बसेल गप्पा मारत आणि हिंगणघाटवाला नेईल पोरगा उचलून. येत्या गुरुवारी बंडू तिथं गेला की मागोमाग आपण जायचं, घर पाहायचं, आणि पसंत पडलं तर तिथंच नारळ द्यायचा.

त्या गुरुवारी बंडूजी आत खोलीत धीरजसमोर बसला होता, तेव्हा फाटकाशी भाड्याची गाडी थांबली. त्यातून तानाबाई, कौशल्याबाई आणि ताराचंद उतरले. तानाबाईच्या हातात नारळ आणि पेढे, कौशल्याबाईच्या हातात फोन आणि फोनमध्ये सपना. तिला घर दाखवायचं होतं. पडवीत खुर्चीवर एक माणूस आपली पाळी यायची वाट बघत होता. कारंजा घाडगेचा ट्रकवाला, पिकलेल्या मिशांचा, अंगानं दणकट. तानाबाई त्याच्या शेजारी बसली आणि प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घ्यायला तिनं विचारलं की तुमची मुलगी किती शिकली. तो म्हणाला की मला मुलगीच नाही, दोन्ही मुलगेच. मग कुणासाठी आलात? ट्रकवाला जमिनीकडे बघू लागला. तानाबाईनं कौशल्याबाईला कोपर मारलं. बघ, म्हणाली, किती पक्का आहे, पोटातलं ओठावर येऊ देत नाही.

आत बंडूजीला आत्याचा आवाज ऐकू आला. त्याला आधी वाटलं हा धडधडीचाच काही नवा प्रकार आहे. पण मग दार उघडून आत्या सगुण अवतारात आत आली आणि तिच्यामागे बाकीचे. धीरज उठून उभा राहिला, नमस्कार केला. तानाबाईनं त्याला नखशिखांत न्याहाळलं, दात पाहिले, उंची विचारली. मुलगा तिला आवडला, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तिकडे सपना फोनमधून विचारत होती की हे घर दवाखान्यासारखं काऊन दिसते. बंडूजीला खुर्चीतून उठताही येईना आणि बसवतही नव्हतं.

तेवढ्यात आतून पाण्याचा ट्रे घेऊन एक मुलगी आली. गळ्यात मंगळसूत्र, खांद्यावर इवलंसं तान्हं. धीरजची बायको आकांक्षा. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती ती कालच परत आली होती, म्हणून ठेलेवाल्याला तिचा पत्ता नव्हता. तानाबाईनं विचारलं की ही कोण. धीरज म्हणाला, "माझी पत्नी."

मग जे झालं ते सांगायला माझी लेखणी अपुरी आहे, ताराचंदचं तोंडच पाहिजे. सगळी चौकशी त्याची, म्हणून आवाजही त्याचाच सगळ्यात मोठा. लग्न झालेला पोट्टा, पदरात लेकरू, आणि मुलींच्या बापांना घरी बोलावून पेढे खातो! आर्वीचे, हिंगणघाटचे, सगळे बाप गोळा करून आणतो म्हणाला, सगळ्या वर्ध्याला ओरडून सांगतो, या गल्लीत तुला राहू देणार नाही. तानाबाईनं आकांक्षाला विचारलं की बाई, तुला तरी हे ठाऊक आहे का. आकांक्षाचे डोळे मोठे झाले, बाळानं भोकाड पसरलं, आणि पडवीतला ट्रकवाला दारात येऊन उभा राहिला.

धीरज गप्प होता. त्यानं एकदा बंडूजीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. बंडूजीच्या ते लक्षात आलं. हा माणूस स्थळ बघायला नाही, माझ्याकडे उपचाराला येतो, एवढं एक वाक्य धीरज बोलला असता तर तो सुटला असता. पण तो ते बोलणार नव्हता. इथलं बोलणं इथंच राहील असा त्यानं पहिल्या दिवशी शब्द दिला होता, आणि तो शब्द पाळत तो स्वतःच्या बायकोसमोर शिव्या खात उभा होता. बंडूजीला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. छाती धडधडायला लागली. नेहमीचीच धडधड, नेहमीसारखीच घशाला कोरड. तसाच तो उठला.

"थ्या माणसाले काई बोलू नका," तो म्हणाला. "थो पोट्टा सपनासाठी नाई पाह्यला मी. थो माहा डॉक्टर हाय, मनाचा. मी इथं इलाज कराले येतो."

बंडूजीला आता थांबता येईना. सांगितलं की दादा गेल्यापासून असं होतं, गादीवर बसलं की वाटतं आता आपलीही पाळी. हात कापतो, अक्षर बिघडलं ते म्हातारपणानं नाही. रात्री अंगणात जाऊन बसतो तो उकाड्यानं नाही. इथं आलो आणि झोप यायला लागली. मला लाज वाटली, पोरीच्या लग्नाची काळजी वाटली, म्हणून माल पाहायला जातो म्हणालो. आणि मग त्यानं कौशल्याबाईकडे पाहून ते वाक्य परत एकदा म्हटलं. "मले भेव लागते."

आकांक्षानं बाळाला थोपटून शांत केलं. ताराचंद पुटपुटला की पण मी तर रीतसर चौकशी केली होती. दारातला ट्रकवाला खाकरला. "चौकशी बरोबरच हाय तुमची," तो म्हणाला. "आमी सारे येतो ना इथं. सारे त्यासाठीच येतो."

तानाबाई मटकन खुर्चीत बसली. पण बंडूजीचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. कौशल्याबाई रडत नव्हती, आणि याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली. ती त्याच्याजवळ आली.

"तुमी मले सांगतलं व्हतं," ती म्हणाली. "दरवेळी सांगतलं. अन् मी तुमाले भात वाढला."

एवढं बोलून ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि दोन्ही एकदमच करत राहिली. बंडूजीचंही तेच झालं. कौशल्याबाईच्या हातातला फोन कधीचा छताच्या पंख्याकडे वळलेला होता आणि त्यातून सपना ओरडत होती की आई, फोन बाबाकडे कर. फोन वळवला. सपनानं बापाला नीट पाहून घेतलं आणि सांगितलं की माझ्या लग्नाच्या काळजीनं एकही गुरुवार चुकवायचा नाही; ज्याला असा सासरा चालत नाही तो नवरा मलाही चालत नाही, तेवढीच गाळणी लागेल. मग मामाला फोन द्यायला सांगून तिनं त्याची अशी खरडपट्टी काढली की ताराचंद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

नारळाचा प्रश्न उरला. सोयरिकीला बाहेर काढलेला नारळ तसाच घरी न्यायचा नाही असं तानाबाईचं म्हणणं. तिनं थोडा विचार केला, मग आकांक्षाला पाटावर बसवलं आणि नव्या बाळंतिणीची रीतसर ओटी भरली. बाळाला पेढा चाटवायला निघाली होती, पण आकांक्षानं वेळीच हात धरला. निघताना तानाबाईनं धीरजची माफी मागितली नाही, कारण ती तिला येत नाही. पण तुझ्याएवढा गप्प राहणारा पुरुष आमच्या घराण्यात झाला नाही, असं मात्र तिनं त्याला सांगितलं. ट्रकवाला आपल्या पाळीला आत गेला आणि दार लागलं.

परतताना बंडूजीची मोटरसायकल ताराचंदला देण्यात आली. शिक्षाच म्हणा ना. बंडूजी गाडीत मागच्या सीटवर, कौशल्याबाई आणि तानाबाईच्या मधोमध. वर्धा मागं पडलं, दोन्ही बाजूंनी कापसाची शेतं लागली, आणि सगळं इतकं छान चाललेलं असताना ती आली. काही कारण नव्हतं. छाती धडधडू लागली, हात गार पडले. जुना बंडूजी असता तर खिडकीबाहेर बघत हसला असता.

"सपनाची माय," तो म्हणाला, "होऊन राह्यलं मले. आत्ता."

मग काय विचारता! गाडी कच्चकन थांबली. बंडूजीला उतरवून रस्त्याकडेच्या शेताच्या धुऱ्यावर बसवलं. तानाबाईनं पाठ चोळायला घेतली, मग छाती, मग तळवे. ड्रायव्हरनं आपल्या शिदोरीतला कांदा फोडून नाकाला लावला. मागून ताराचंद आला, त्यानं मोटरसायकल रस्त्यातच टाकली आणि वर्तमानपत्रानं वारा घालायला लागला, तोही इतका जोरात की बंडूजीचे केस उभे राहिले. बाजूच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया काम थांबवून बघू लागल्या आणि तिथूनच सल्ले द्यायला लागल्या. कुणी साखर म्हणे, कुणी मीठ. बंडूजी घाबरलेला होता आणि त्याला हसूही येत होतं. इतक्या गर्दीत आपण मरूच शकत नाही, ही मंडळी मरू देणारच नाहीत, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. तो पळाला नाही. कौशल्याबाईनं त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

हळूहळू छाती आपल्या जागेवर आली. त्यानं कांदा बाजूला सारला, घाम पुसला आणि सांगितलं की गेलं. ताराचंदनं वर्तमानपत्राची घडी घातली, ड्रायव्हर गाडीत जाऊन बसला, तानाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. बंडूजीही उठायला लागला, पण मनगट सुटेना. त्यानं वळून पाहिलं. कौशल्याबाईचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुमचं गेलं," ती म्हणाली. "माहं नाई गेलं अजून. तुमी अंगणात जाऊन बसता ना, मी सारी रात जागीच राह्यतो. दादांवानी तुमीबी गेले तं, हेच वाटते मले. कोनाले सांगू?"

बंडूजीनं तिच्याकडे पाहिलं. एवढे महिने एका भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे ते दोघं एकच भीती घेऊन जागे होते, आणि सकाळी एकमेकांना चहा देत होते. त्याला रडू आलं आणि ते त्यानं येऊ दिलं. मग त्यानं ड्रायव्हरला खुणेनं गाडी बंद करायला सांगितली आणि तो परत तिच्याजवळ धुऱ्यावर बसला.

"बस मंग," तो म्हणाला. "तुहं गेलं की निघू."